थंडीत डिझेलचा ट्रक का अडतो?

लडाखमधील द्रास हे समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेले गाव. जानेवारीत येथील तापमान अनेकदा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. धान्य, औषधे आणि रुग्ण यांची ने-आण करणाऱ्या वाहनांवरच अशा भागातील जीवन अवलंबून असते. पहाटे वाहन सुरू झाले नाही, तर गैरसोय केवळ चालकाची होत नाही. रुग्णाचे प्राणही धोक्यात येतात.

उष्णतेवर चालणारे इंजिन

पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखविलेल्या या इंजिनात हवा सुमारे पंधरा ते वीसपट दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सिलिंडर गारठलेला असल्यास ही उष्णता त्याच्या भिंती शोषून घेतात आणि इंधन पेटत नाही.

त्यात आणखी तीन अडचणींची भर पडते. डिझेलमधील मेणाचे कण गोठून फिल्टर तुंबतो. वंगण घट्ट झाल्याने इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो आणि नेमक्या त्याच वेळी थंडीने बॅटरीची शक्ती घटलेली असते.

उपाय

यावर मूलगामी उपाय म्हणजे योग्य इंधन. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. मैदानी प्रदेशात भरलेले साधे डिझेल टाकीत घेऊन वर जाणारा ट्रक मात्र मुक्कामी अडकू शकतो. महाराष्ट्रातून तिकडे माल नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

थंडीसाठी योग्य दर्जाचे वंगण वापरावे. बॅटरी पूर्ण भारित व तिची टोके स्वच्छ असावीत. फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळोवेळी काढून टाकावे. हीटर प्लग असल्यास त्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर फिरवावा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक फिरवू नये; मध्ये बॅटरीला विसावा द्यावा.

हे टाळावे

टाकीखाली शेकोटी किंवा स्टोव्ह पेटविण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारल्यास स्फोट होऊ शकतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने ते पातळ होते खरे; परंतु त्याचा वंगणगुण कमी होऊन आधुनिक इंजिनाचे पंप व इंजेक्टर खराब होतात.

महाराष्ट्रात डिझेल गोठण्याइतकी थंडी पडत नाही. तथापि निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा जुनी बॅटरी आणि नादुरुस्त हीटर प्लग यांचे दोष उघडे पडतात. आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो वा ग्रामपंचायतीचा टँकर, त्याची तपासणी दिवाळीपूर्वीच करून घेणे हिताचे. अडलेले वाहन पहाटे ढकलण्यापेक्षा आदल्या महिन्यात घेतलेली काळजी केव्हाही स्वस्त पडते.