खडकांचे जैविक विदारण

खडक म्हणजे स्थैर्य, अशी आपली समजूत असते. परंतु अनित्यतेच्या नियमाला खडकही अपवाद नाही. तो आहे त्याच जागी फुटतो, ठिसूळ होतो, विरघळतो. या क्रियेस विदारण म्हणतात. ऊन, पाऊस व हवा यांच्याप्रमाणेच सजीवही हे कार्य करतात. तेच जैविक विदारण होय.

सजीवांचे हे कार्य दोन प्रकारे चालते. पहिला प्रकार बलाचा. केसासारखे बारीक मूळ भेगेत शिरते. ते जाड होत जाते तशी भेग रुंदावते. घुशी, मुंग्या, वाळवी व गांडुळे जमीन पोखरतात. त्यामुळे हवा व पाणी खालच्या खडकापर्यंत पोहोचते. गांडुळांच्या या कार्यावर चार्ल्स डार्विन यांनी 1881 साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

दुसरा प्रकार रासायनिक. मुळे व सूक्ष्मजीव श्वसन करताना कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. या आम्लामुळे ग्रॅनाइटमधील फेल्स्पार या खनिजाची हळूहळू चिकणमाती होते व त्यातील पोटॅशियम झाडास मिळते. मसाल्यातील दगडफूल आपल्या परिचयाचे आहे. कवक व शैवाल यांचे ते सहजीवन असून, अशा सजीवांपैकी अनेक ऑक्झॅलिक आम्ल स्रवून खडकाचा पृष्ठभाग झिजवतात.

आपल्या भंडारा जिल्ह्याच्या भूमीखाली अतिप्राचीन स्फटिकमय खडक आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्यांची माती अशाच दीर्घ विदारणातून घडली, नदीनाल्यांनी वाहून आणली. म्हणून विदारण हा केवळ नाश नव्हे. ते अन्नाचे मूळ आहे.

मात्र जे मूळ खडकाची माती करते, तेच वास्तूही फोडते. पवनी येथे 1969-70 साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आले. अशा अवशेषांच्या विटांत झाड रुजू देणे म्हणजे इतिहास गमावणे. पिंपळाची फळे पक्षी खातात. त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडते व रुजते. बोधिवृक्ष म्हणून पिंपळ आपणांस वंदनीय. मग भिंतीवरील रोपाचे काय करावे? नुसते वरून छाटल्यास ते पुन्हा फुटते. रोप कोवळे असतानाच मुळासकट अलगद काढावे व मोकळ्या जागेत लावावे. त्यात वृक्षाचा अनादर नाही. वृक्ष व वास्तू दोघांचेही रक्षण आहे. संरक्षित स्मारकावर मात्र आपण हात लावू नये; संबंधित विभागास कळवावे.

निरीक्षणासाठी : आपल्या परिसरातील एखादी जुनी भिंत किंवा शिळा निवडा. तिच्यावरील शेवाळ, दगडफूल, रोपे व भेगा यांची नोंद करा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर भेगेची रुंदी मोजा. वर्षभरात फरक कदाचित दिसणारही नाही. पण नोंदवही पुढील वर्गाच्या स्वाधीन करा. खडकाचा अभ्यास एका पिढीत पुरा होत नसतो.