तेल कुठून येतंय, ते आधी बघा

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की त्याच्या बरोबर वरचा भाग खराब झालाय असं आपण धरून चालतो. जुन्या गाडीच्या बाबतीत हा समज फार महागात पडतो. तेल वरून निघतं, ब्लॉकच्या कडेने ओघळत येतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि जिथे खोलगट जागा मिळेल तिथून ठिपकतं. त्यामुळे डाग पडतो एकीकडे आणि गळती असते दुसरीकडेच.

आमची प्रीमियर पद्मिनी 1980च्या दशकातली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना हिची ओळख करून द्यायला नको. हिच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल ठिपकायला लागलं. गॅरेजमध्ये नेली तर मिस्त्री खाली वाकले आणि लगेच म्हणाले, "साहेब, मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." गिअरबॉक्स उतरला, सील बदललं, हात घातलाच आहे तर इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरची पॅकिंगही नवी टाकली. मजुरीचं बिल भरून गाडी घरी आणली आणि थोड्याच दिवसांत त्याच जागी तसाच डाग पडला.

सील बदलण्याआधी इंजिन कोणी धुतलंच नव्हतं. वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ यांचा काळा थर चढलेल्या इंजिनावर ताजी गळती कोणत्याही डोळ्यांना दिसणार नाही, अनुभवी मिस्त्रीच्याही नाही. म्हणून घरी काम करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच: पान्ह्याला हात लावण्याआधी इंजिन धुवा. इंजिन पूर्ण थंड असू द्या, बॅटरीची तार काढा. डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर आणि डायनॅमो प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून घ्या. बाजारात मिळणारं डिग्रीझर आणि जुना ब्रश घेऊन वरून खाली घासत या. पेट्रोलने कधीही धुऊ नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. मग सगळं कोरडं पुसून, वाळवून घ्या.

त्यानंतर संशयाच्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर हलकी भुरभुरा आणि गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवा, बंद करा, थंड होऊ द्या. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची बारीक रेघ स्पष्ट उठते. त्या रेघेच्या मागे वर-वर जात राहा, जिथे ओल सुरू होते तीच गळतीची जागा. पुठ्ठ्यावरचा थेंबही वास घेऊन, बोटांत चोळून बघा. इंजिनचं तेल काळपट असतं, गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र दर्प असतो. ब्रेक ऑइल असेल तर गाडी जागची हलवू नका.

आमच्या गाडीत रेघ निघाली इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथून हेडच्या पाठीवरून, ब्लॉकच्या मागच्या बाजूने ती थेट त्या सांध्यात उतरली होती. काही शे रुपयांच्या कॉर्क पॅकिंगच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरला होता.

पण इथेच थांबू नका. पॅकिंग का गळायला लागली, हेही विचारा. जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू खाली निसटतोच. तो बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. ती चिकट गाळाने बुजली की आत दाब साठतो आणि हा दाब जी पॅकिंग सर्वात कमकुवत असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. एक जागा बंद केली की दुसरी गळते आणि मालक एकेक सील बदलत बसतो. आमची नळी अर्धीअधिक बुजलेली होती. ती काढून धुतली, कडक झालेलं रबर बदललं. माझ्या मते प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने कोणतीही पॅकिंग बदलण्याआधी ही नळी बघावी.

टॅपेट कव्हर पत्र्याचं असतं. गळतंय म्हणून कोणीतरी नट आवळतो, पत्रा नटाखाली दबतो, मधला भाग उचलला जातो आणि गळती वाढते. कव्हर काढल्यावर त्याची कड काचेवर ठेवून बघा. फट दिसली तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हलक्या हाताने सरळ करा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जुनी पॅकिंग छिन्नीने खरवडू नका. एक खोल ओरखडा म्हणजे कायमची गळतीची वाट. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, वेळ लागेल तो लागू द्या. नवी पॅकिंग बसवताना नट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळा आणि छोटाच पान्हा घ्या. ॲल्युमिनियममधला आटा एकदा गेला की घरचं काम संपतं. पॅकिंग पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत अजून मिळते. नाही मिळाली तर कॉर्कची शीट आणून जुन्या पॅकिंगच्या मापाने कापून घेता येते.

आता पॅकिंगला फासतात त्या सिलिकॉनबद्दल. गळती थांबली आणि काही काळाने, तापलेलं इंजिन आयडलवर असताना डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. चेंबर उघडलं तर ऑइल पंपाच्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे आणि दोरे अडकलेले होते. गॅरेजमध्ये चेंबर बसवताना जाड थर फासला गेला होता. पॅकिंगच्या बाहेर जेवढं सिलिकॉन उमटतं, साधारण तेवढंच आतही उमटतं. आतलं सुटतं, जाळीत अडकतं आणि बेअरिंगला तेल पोचेनासं होतं. गाडीतून तेल ठिपकत राहिलं तरी ती वर्षानुवर्षं चालते, तेलाविना मात्र काही मिनिटांत बेअरिंगचा चुरा होतो. म्हणून कॉर्कवर सिलिकॉन नकोच. लावायचंच असेल तर जिथे दोन भाग मिळतात त्या कोपऱ्यांत, अगदी पातळ, आणि डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद करा, घर समोर दिसत असलं तरी.

चेंबरसाठी गाडीखाली जावं लागतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. सपाट, पक्की जमीन, चाकांना दगड आणि चेसिसच्या मजबूत जागी लावलेले जॅक स्टँड हवेत. अंग आत घालण्याआधी गाडी बाजूने जोरात हलवून बघा. आणि घरात कोणाला तरी सांगून ठेवा.

तेल भरताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे जाऊ नका, जास्तीचं तेलही बाहेरची वाट शोधतं. अशा इंजिनांना आपल्याकडे 20डब्ल्यू-40 मानवतं, त्याहून पातळ तेल थकलेल्या सीलमधून लवकर निसटतं. काढलेलं तेल गटारात किंवा मोकळ्या प्लॉटवर ओतू नका. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. डब्यात बंद करून, वापरलेलं तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्या.

आणि वरचं सगळं कोरडं ठणठणीत असूनही पुठ्ठ्यावर बेलहाउसिंगखाली, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, इंजिनच्या तेलाचा डाग आला, तर मात्र मागचं सील बहुधा खरंच गेलेलं असतं. ते काम घरी करू नका. गॅरेजमध्ये जा, पण धुतलेलं इंजिन घेऊन जा आणि मिस्त्रींना म्हणा, "काका, ओल कुठून सुरू होते ते मला दाखवा, मग उघडा." चांगला मिस्त्री या प्रश्नाने चिडत नाही, टॉर्च मागतो.

नवी कॉर्क पॅकिंग पहिल्या काही दिवसांत दबते. चार-पाचशे किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना टॅपेट कव्हरचे नट एकदा हाताने तपासा. ढिले वाटले तर पाव फेरा, त्याहून जास्त नाही.