‘नरक’ या शब्दाचे दोन अर्थ आणि दयाळू ईश्वराचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासकाची ‘नरक’ हा शब्द हमखास दिशाभूल करतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यातील रायतूर येथे प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत नरकाला आजही ‘यमकोंड’ म्हणतात. मराठी बायबलने ‘गेहेन्ना’साठी ‘नरक’ हा शब्द रूढ केला. शब्द परिचित असले, तरी त्यांनी सुचविलेली व्यवस्था मात्र वेगळी आहे.

भागवताच्या पाचव्या स्कंधाच्या अखेरीस अठ्ठावीस नरकांचे वर्णन येते. तेथील यातना भयंकर आहेत. परंतु त्या भोगून संपतात आणि जीव पुन्हा जन्म घेतो. (माध्व मताने काही जीवांसाठी शाश्वत तमाची कल्पना केली आहे, हा अपवाद येथे लक्षात घ्यावा लागेल.) लगेच सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा येते. तीत यमदूत कर्माचा हिशेब मांडतात आणि विष्णुदूत त्या हिशेबातून पाप्याला सोडवतात. यम अखेर विष्णूचाच सेवक असला, तरी कथेत दंड आणि दया यांचे प्रतिनिधी वेगळे आहेत. म्हणून ईश्वराच्या दयाळूपणाला बाध येत नाही.

ख्रिस्ती कल्पनेत ही सोय नाही. तेथे न्यायाधीश आणि तारक एकच आहेत. त्या न्यायासनाच्या वर दाद मागण्यासाठी दुसरे आसन नाही. शिवाय निर्णय अंतिम आहे. त्यामुळे खरा पेच शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा तिच्या अंतहीनतेचा आहे.

या पेचाची तीन प्रमुख उत्तरे दिली गेली. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने दंडाला औषधासारखे मानले आणि अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परततील, अशी आशा मांडली. त्याच्या नावाशी जोडलेल्या या मताचा सहाव्या शतकात चर्चने निषेध केला. ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात या आशेविरुद्ध युक्तिवाद केला : मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात जीवन आणि दंड या दोहोंना एकच विशेषण आहे, एक शाश्वत मानायचे, तर दुसरेही मानावे लागेल. विसाव्या शतकात सी. एस. लुईसने 1940 च्या ‘वेदनेची समस्या’ या पुस्तकात जीवाच्या स्वातंत्र्यावर भर दिला. त्याच्या मते नरकाचे दार आतून बंद असते. प्रेम सक्तीने स्वीकारायला लावता येत नाही.

यांतील तिसरे उत्तर दयेला सर्वाधिक न्याय देते, असे आम्हाला वाटते. कारण त्यात नरक हा ईश्वराने उगवलेला सूड उरत नाही. नकाराच्या अधिकाराचाही मान राखणारी ती दया ठरते. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो : अपुऱ्या ज्ञानाने, मर्यादित आयुष्यात केलेला नकार कायमचा का ठरावा? पुनर्जन्माच्या कल्पनेत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न अधिक टोचतो आणि ते स्वाभाविक आहे.

म्हणूनच ‘क्रिस्तपुराण’ शिकविताना पौराणिक शब्द ओळखीचा आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. शब्दाने पूल बांधला हे खरे. पण पुलाखालची दरी दाखविणे, हे अध्यापकाचे काम आहे.