भरतीची धाव आणि छातीवरचा पट्टा

वनरक्षक भरतीत मुलांना 5 किलोमीटर धावावे लागते, मुलींना 3. पुढे चालण्याची चाचणी असते: 4 तासांत मुलांनी 25 आणि मुलींनी 16 किलोमीटर. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. गोंदिया जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे अख्खे वर्ष या आकड्यांभोवती फिरते. धानाची शेती, तेंदूपत्त्याचा हंगाम आणि राइस मिल यांपलीकडची कायमची नोकरी म्हटली की इथल्या पोरापोरींना आधी खाकी वर्दीच आठवते. म्हणून देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, गोरेगाव, कुठल्याही रस्त्याने पहाटे निघा, डांबराच्या कडेने धावणारी मंडळी भेटणारच. अलीकडे त्यांच्या मनगटावर हृदयाचे ठोके दाखवणारे घड्याळ दिसू लागले आहे. ते दीड-दोन हजारांतही मिळते. त्यावरच्या आकड्याचे करायचे काय, हे मात्र डब्यातल्या कागदावर लिहिलेले नसते.

सालेकसा तालुक्यातल्या 23 वर्षांच्या एका उमेदवाराचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या भावाने त्याला घड्याळ पाठवले. मोबाइलवरच्या अ‍ॅपने वय विचारले, 220 मधून 23 वजा केले आणि त्याचे कमाल ठोके 197 ठरवून टाकले. त्यावरून रंगीत पट्टे पडले. ‘सोपा’ हा हिरवा पट्टा 118 ते 138 ठोक्यांचा. हिरव्यात राहायचे असे ठरवून पठ्ठ्या निघाला, तर रस्त्याचे पहिले वळण येण्याआधीच आकडा 145 वर. थांबून चालू लागला की 120. पुन्हा धावला की पुन्हा घड्याळाची थरथर. सोबतची पोरे हसत पुढे निघून जायची. आपले हृदयच कमजोर आहे, अशी त्याची समजूत झाली.

मग तो दुसऱ्या टोकाला गेला. घड्याळाकडे बघायचेच नाही, रोज 5 किलोमीटर चाचणीच्या वेगाने मारायचे. थोड्याच दिवसांत नडग्या दुखू लागल्या, झोप उडाली, सकाळी अंथरुणातच नाडी नेहमीपेक्षा जोरात चालू लागली आणि धावण्याची वेळ कमी व्हायची ती वाढली. मैदानावर पोरांना शिकवायला येणाऱ्या एका माजी सैनिकाने त्याला दोनच प्रश्न विचारले. “तुझे कमाल ठोके 197 आहेत हे तुला कोणी सांगितले? आणि झोपेतून उठल्यावर तुझी नाडी किती असते?” दोन्हींची उत्तरे त्याच्याकडे नव्हती.

220 वजा वय हे सूत्र जगभरच्या व्यायामशाळांच्या भिंतींवर आहे. त्याचे मूळ मात्र फार भक्कम नाही. 1971 च्या सुमारास फॉक्स आणि हॅस्केल या अमेरिकी संशोधकांनी आधीच्या काही अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडले आणि त्यांच्यामधून जाणारी ढोबळ रेषा सांगितली. हे सूत्र हजार माणसांच्या सरासरीला बरे लागू पडते, एकट्या माणसाला लागू पडेलच असे नाही. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीस-वीसचा फरक सहज असतो. 2001 साली तनाका आणि सहकाऱ्यांनी 208 वजा वयाच्या 0.7 पट असे सुधारित सूत्र मांडले. चाळिशीपुढच्यांना ते अधिक जवळचे उत्तर देते, पण तीही सरासरीच. सालेकसाच्या या मुलाला ते 192 सांगते. पुढे सरावात रुळल्यावर एका जोरदार चढाच्या शेवटी, छातीला बांधून ठोके मोजणाऱ्या पट्ट्यावर, त्याचे ठोके 203 पर्यंत गेलेले दिसले. घड्याळाचा हिरवा पट्टा त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून चुकीचाच होता.

या घोळातून वाट काढणारी रीत फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन यांच्या 1957 च्या अभ्यासातून आली. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करायचे. उरतो तो हृदयाचा हातचा साठा. त्याचे 60 किंवा 70 टक्के काढायचे आणि त्यात विश्रांतीचे ठोके पुन्हा मिळवायचे. या मुलाची सकाळची नाडी 60. 203 वजा 60 म्हणजे 143. त्याचे 60 टक्के 86, 70 टक्के 100. दोन्हींत 60 मिळवले की 146 ते 160. या पट्ट्यात तो सोबत्याशी गप्पा मारत सहज धावू शकत होता. आधीच्या पट्ट्यात त्याला फक्त चालता येत होते, आणि दोष तो स्वतःच्या हृदयाला देत होता.

सकाळची नाडी मोजायला यंत्र लागत नाही. जाग आल्यावर, चहाच्या आधी, पडल्या पडल्या दोन बोटे मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला ठेवायची आणि पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे. आठवडाभराची सरासरी काढली की आपला पाया समजतो. प्रौढ माणसाची नाडी साधारण 60 ते 100 असते, नियमित धावणाऱ्यांची त्याहून खाली येते. एखाद्या सकाळी ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी चढलेली दिसली तर ताप अंगात असेल, झोप अपुरी असेल किंवा कालचा सराव अजून पचलेला नसेल. त्या दिवशी जोराचे धावणे टाळावे.

आता यंत्राबद्दल. मनगटाचे घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेगणिक परत येणारा प्रकाश कसा बदलतो त्यावरून ठोके मोजते. छातीचा पट्टा हृदयातले विजेचे संकेतच टिपतो. बिनतारी पट्ट्याची सुरुवात फिनलंडमधलीच. औलूजवळ 1977 मध्ये स्थापन झालेल्या पोलर कंपनीने 1982 मध्ये अंगावर वागवता येईल असे पहिले बिनतारी यंत्र विकायला काढले. चाळीस वर्षे उलटली तरी धावताना पट्टाच जास्त भरवशाचा आहे.

गोंदियाच्या थंडीत हा फरक लख्ख दिसतो. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातले सर्वात कमी तापमान अनेकदा गोंदियातच नोंदले जाते. पहाटे हात गारठलेले, कातडीखालचे रक्त आत ओढलेले, घड्याळाचा पट्टा ढिला. अशा वेळी प्रकाशाला रक्ताची लाट सापडत नाही आणि घड्याळ हाताच्या हेलकाव्यालाच नाडी समजते. धावणाऱ्याची पावले मिनिटाला 160 ते 180 पडतात, म्हणून नुकते धावू लागलेल्या माणसाच्या घड्याळावर पहिल्याच फेरीत 172 झळकते. खरे ठोके असतात 130. ओळखायची खूण सोपी आहे. श्वास शांत आणि आकडा प्रचंड असेल तर थांबावे, मानेला किंवा मनगटाला बोटे लावून 15 सेकंद मोजावे, चारने गुणावे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट बांधले आणि आधी दहा मिनिटे भरभर चालून अंग गरम केले तर चूक बरीच कमी होते. छातीचा पट्टा बांधण्याआधी त्याची रबरी बाजू पाण्याने ओली करायची, कोरड्या कातडीवर तोही भलतेच आकडे देतो.

पोलीस भरतीतल्या शंभर मीटर आणि गोळाफेकीच्या सरावात ठोक्यांच्या आकड्याचा उपयोग नाही. हृदय मागणीच्या मागून धावते. वेग वाढल्यावर ठोके वर यायला वीस-तीस सेकंद जातात आणि तोवर शंभर मीटर संपलेले असतात.

थंडी घड्याळाला फसवते, तर उन्हाळा घड्याळ खरे बोलत असतानाही माणसाला फसवतो. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 च्या वर जातो तेव्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने धावताना ठोके हळूहळू दहा-पंधरांनी वर सरकतात. स्नायूंना रक्त हवे आणि अंग थंड ठेवायला कातडीलाही हवे. एकाच मोटरीवर दोन बांध्यांना पाणी सोडावे तसे होते, शिवाय घामावाटे पाणी कमी होतच असते. अशा वेळी वेग राखण्याचा हट्ट सोडून ठोके राखावेत, म्हणजे वेग आपोआप उतरतो. पण ठोके पट्ट्यात आहेत म्हणून सगळे ठीक आहे असेही समजू नये, कारण शरीराचे तापमान हे घड्याळ मोजत नाही. बोलणे अडखळले, अंगावर काटा आला, गरगरले, तर आकडा काहीही असो, सावलीत बसवून अंगावर पाणी ओतायचे आणि दवाखान्याची वाट धरायची. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईत कालिना इथल्या पोलीस भरतीत 1600 मीटर धावल्यावर एक उमेदवार कोसळला आणि दगावला. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या 10 किलोमीटर धावेच्या काळात दहाहून अधिक उमेदवारांचे मृत्यू झाले.

पूर्व विदर्भाने इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे सिकलसेल. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि नागपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्ततपासणीत ‘एसएस’ आलेल्यांना आजार होतो, ‘एएस’ म्हणजे वाहकांना एरवी काहीच जाणवत नाही. त्यामुळे आपण वाहक आहोत हे अनेकांना ठाऊकही नसते. पण ऊन, निर्जलीकरण आणि आवाक्याबाहेरची मेहनत एकत्र आली की वाहकाच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकी लष्करातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही, मात्र श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका 54 टक्क्यांनी जास्त निघाला. पाणी, विश्रांती आणि उष्णतेबाबत या लष्कराचे नियम कडक आहेत, हे त्यात महत्त्वाचे. भारतात 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि सरकारी आरोग्य यंत्रणेत ही तपासणी होते. सराव सुरू करण्याआधी ती करून घ्यावी, सोबत हिमोग्लोबिनही पाहावे. रक्त कमी असेल तर ठोके साध्या चालण्यातही चढतात आणि धावणारी मुलगी आपला दमच कमी आहे असे समजून बसते.

घड्याळाची हौस फक्त भरतीवाल्यांना नाही. गोंदिया शहरात पहाटे फिरायला जाणाऱ्या एका शिक्षकांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी लेकीने घड्याळ भेट दिले. सूत्राप्रमाणे त्यांचे कमाल ठोके 168, म्हणून 118 च्या वर जायचे असे त्यांनी मनाशी घेतले. कितीही भरभर चालले तरी आकडा 104 वर अडायचा. एके दिवशी तो गाठायचाच म्हणून पळाले आणि चक्कर येऊन कठड्यावर बसले. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी मागितली तेव्हा उलगडा झाला. रक्तदाबासाठी त्यांना मेटोप्रोलॉल चालू होते. या जातीची औषधे ठोके मुद्दाम खाली ठेवतात, त्यामुळे घेणाऱ्याला कोणतेच सूत्र लागू पडत नाही. त्यांना डॉक्टरांनी साधी खूण सांगितली. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. छातीत दुखणे, श्रमात शुद्ध हरपणे, घरात कोणाचा कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर घड्याळाआधी ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

धडधाकट माणसाने सुरुवात कशी करावी? पहिला आठवडा नुसता बघण्याचा. नेहमीचे चालणे-धावणे करायचे आणि सकाळची नाडी, धावतानाचे ठोके, थांबल्यावर एका मिनिटात ते किती उतरले, एवढे वहीत टिपायचे. तंदुरुस्ती वाढते तसे हे उतरणे जलद होते. पुढचा महिना-दीड महिना सगळे धावणे गप्पांच्या वेगाने. स्टीफन सायलर या अभ्यासकाने अव्वल दर्जाच्या धावपटूंच्या आणि स्कीपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाचांतली सुमारे चार सत्रे सोपीच असल्याचे दिसले. भरतीची तयारी करणारी पोरे नेमके उलट करतात, रोजच चाचणी देतात. पाया बसल्यावर आठवड्यातून एक दिवस जोराच्या फेऱ्या घ्याव्यात, बाकीचे दिवस सोपेच ठेवावेत. कमाल ठोके शोधायची घाई करू नये. पाया बसला, तपासण्या झाल्या, सोबत माणूस आहे, हवा थंड आहे, तेव्हाच चढावर तीन-चार जोराच्या धावा घेऊन शेवटी दिसेल तो आकडा धरावा.

सालेकसाचा मुलगा आता महिन्यातून एकदा तोच 3 किलोमीटरचा रस्ता, त्याच वेळी, 150 च्या आसपास ठोके ठेवून धावतो आणि लागलेली वेळ वहीत लिहितो. पहिल्या नोंदीत 20 मिनिटे 40 सेकंद आहेत, चौथ्या नोंदीत 18 मिनिटे 15. मधली एक नोंद मागे गेलेली आहे आणि तिच्यापुढे त्याने कंसात ‘रोवणी’ लिहिले आहे. त्या आठवड्यात तो दिवसभर बांधीत वाकून धानाची रोवणी करत होता आणि तरीही संध्याकाळी धावायला गेला होता. आता रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत तो सरावातून जोराचा दिवस काढून टाकतो.