दोन टोल्यांचा हिशोब

सिंगापूर

चि. भाच्यास,


परक्या शहरात पहिला पगार हाती आला की ख्रिस्ती घरातल्या तरुणापुढे दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कार्यासाठी बाजूला काढण्याचा, विषय निघतोच. सरकारचे देणे, शेजाऱ्याचे देणे आणि देवाचे देणे यांचे हिशोब लोक बहुधा तीन निरनिराळ्या वह्यांत मांडतात. मार्काच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय मात्र ते एकापाठोपाठ समोर ठेवतो, म्हणून चिरंजीवाने तो सलग वाचावा.

त्या अध्यायात आधी कैसराच्या कराचा दिनार येतो, मग शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते आणि शेवटी मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी दरिद्री विधवा येते. टोली हे सर्वांत हलके नाणे. अशा दोन टोल्यांची एक दमडी होई, आणि मजुराचा दिवसाचा रोज जो दिनार, त्याचा ती चौसष्टावा भाग भरे. हा प्रसंग दानाच्या स्तुतीसाठी नेहमी सांगितला जातो, पण त्याच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांची कानउघाडणी आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. या क्रमाने वाचले की देणारीच्या कौतुकाबरोबरच, तिच्याजवळ दोनच टोल्या का उरल्या होत्या, हा प्रश्न भोवतालच्या समाजाला चिकटतो. छोट्या देणगीचा नागरी जबाबदारीशी संबंध येतो तो इथे.

सिंगापुरात या प्रश्नाचे एक उत्तर पगारपत्रकातच छापलेले असते. सिंगापूर इंडियन डेव्हलपमेंट असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘सिंडा’, ही भारतीय समाजाची स्वयंसाहाय्य संस्था 1991 साली स्थापन झाली. भारतीय वंशाचे नागरिक, कायम रहिवासी आणि एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, काम करणारे, या सर्वांच्या पगारातून मिळकतीप्रमाणे महिना 1 ते 30 डॉलर तिच्या निधीसाठी कापले जातात, त्यातून मुलांच्या शिकवण्या चालतात व अडचणीतल्या कुटुंबांना आधार मिळतो. ज्याला वर्गणी द्यायची नसेल त्याला अर्ज करून बाहेर पडता येते. मराठी माणसाला ही रीत नवी नाही, कारण अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा मागून उभ्या केलेल्या पैसा फंडातूनच 1908 साली तळेगावचा काच कारखाना निघाला होता. फरक इतकाच, की काळे यांच्या फंडात पैसा देणाऱ्याच्या हातून सुटत असे आणि त्यामुळे तो कशासाठी गेला हे त्याला ठाऊक असे; पगारपत्रकातली रक्कम हाताला न लागताच जाते, आणि म्हणून मनालाही लागत नाही.

छोट्या देण्याचे दुसरे उदाहरण रविवारच्या उपासनेनंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त जेवणाच्या सार्वजनिक गाळ्यांत, पाहायला मिळते. जेवण झाल्यावर ट्रे व भांडी परत न ठेवणाऱ्यांवर तिथे 1 सप्टेंबर 2021 पासून कारवाई होऊ लागली. पहिल्या वेळी लेखी ताकीद मिळते, पुढे दंड होतो. ट्रे ठेवण्याचे कप्पे मात्र पुष्कळ ठिकाणी दोन असतात, एक हलाल भांड्यांसाठी आणि दुसरा इतर भांड्यांसाठी, कारण डुकराचे मांस वाढलेली बशी मुसलमान शेजाऱ्याच्या भांड्यांत मिसळू नये अशी काळजी तिथे घेतली जाते. कारवाईच्या भीतीने माणूस ट्रे उचलतो. तो कोणत्या कप्प्यात ठेवायचा याकडे लक्ष द्यायला, आणि सांडलेला रस्सा कागदाने टिपून घ्यायला, म्हणजे टेबल पुसणाऱ्या वृद्ध कामगाराची एक फेरी वाचेल, शेजारी मनात असावा लागतो. 2020 च्या जनगणनेनुसार पंधरा वर्षांवरील रहिवाशांत ख्रिस्ती 18.9 टक्के आणि मुसलमान 15.6 टक्के आहेत, आणि बहुमत कोणत्याच धर्माचे नाही; अशा शहरात शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा प्रवचनापेक्षा ट्रेच्या कप्प्यापाशी लवकर कसाला लागते.

पासवर राहणाऱ्याला मत नाही, उद्या पास संपला की गाशा गुंडाळायचा, तेव्हा या शहराचे आपण काय लागतो, अशी शंका चिरंजीवाला येईल. बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र पाठवले, त्यात नेमकी हीच शंका गृहीत धरली आहे. ज्या नगरात नेऊन ठेवले आहे त्याचे हित पाहावे व त्याच्यासाठी प्रार्थना करावी, कारण त्याच्या हितातच त्यांचे हित आहे, असा त्याचा आशय आहे. तो उपदेश ऐकणारे नागरिक नव्हते, आणि तरी नगराचे भले त्यांच्यावर सोपवलेले होते.

म्हणून चिरंजीवाने दर महिन्याला पगारपत्रकातली सिंडाची ओळ वाचावी आणि तिच्याजोगता आपला एक शनिवार काढून एखाद्या मुलाला गणित शिकवायला जावे; म्हणजे नकळत कापले गेलेले डॉलर निदान त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या हातून दिले जातील. मंडळीच्या अर्पणाच्या थैलीत जे टाकायचे ते टाकावेच, पण त्या थैलीने शनिवारची सुटी मिळते असे मानू नये.

प्रकृतीस जपावे व पत्र पाठवीत असावे.

मामाचे आशीर्वाद