प्रेम, भय आणि स्मृती : एक अभ्यास

वसतिगृहातील पहिली रात्र माजी विद्यार्थ्यांपैकी कोण विसरला असेल? दिवसभर नवी वही, नवे सवंगडी यांत मन रमते. पण दिवे मालवले की आईच्या हातची भाकरी आठवते, धाकट्या भावंडाचा आवाज आठवतो आणि उशी ओली होते. त्याच वेळी पाड्यावरची आई किंवा बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे वडील मुलाच्या आठवणीने अस्वस्थ असतात. दोघांच्याही भयाचे मूळ प्रेमात आहे.

पाली वाङ्मयाने हे नाते फार पूर्वी ओळखले. धम्मपदातील सोळावा वर्ग ‘पियवग्ग’. जे प्रिय, त्यातूनच शोक आणि भय उपजतात, असा त्याचा आशय. वरवर वाचले तर प्रेमच करू नये, असा अर्थ निघेल. परंतु मेत्तसुत्तात एकुलत्या एका पुत्राला प्राणपणाने जपणाऱ्या मातेची उपमा आहे आणि तसेच मन सर्व प्राणिमात्रांविषयी बाळगावे, असा उपदेश आहे. दोन्ही वचने एकत्र वाचावीत. सोडायची ती आसक्ती. प्रेम मात्र विस्तारायचे.

मग भयाचे काय करावे? मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागत जानुस्सोणी ब्राह्मणास स्वतःचा अनुभव सांगतात. बोधिप्राप्तीपूर्वी ते रात्री अरण्यात राहत. एखादे श्वापद जवळ येई, मोराकडून काटकी मोडे, वाऱ्याने पाने सळसळत आणि भय दाटून येई. चालताना भय आले तर ते ओसरेपर्यंत ते चालतच राहत. उभे असताना आले तर उभेच राहत. भय आपल्याला कधी वाटलेच नाही, असे ते म्हणत नाहीत, हे लक्षात घ्यावे. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. त्या भयात लाज वाटण्याजोगे काय होते? म्हणून रडणाऱ्या मुलास “भित्रा कुठला!” म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे.

परंतु प्रत्येक भय असे सोसून ओसरण्याचे नसते. १९०१ साली बाल भीमराव, थोरले बंधू आणि दोन भाचे वडिलांना भेटण्यास साताऱ्याहून गोरेगावला निघाले. नवे कपडे अंगावर, मनात केवढा आनंद! मसूर स्थानकावर त्यांना घेण्यास कोणी आले नाही. त्यांचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. जात कळताच गाडीवाले यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः गाडी हाकून मुले निघाली. रात्र अंधारी, शिदोरी सोबत. पण प्यायला पाणी मिळेना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींत लिहिला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये प्रकाशित केल्या. त्या रस्त्यावरचे भय मुलांच्या मनाचे दौर्बल्य नव्हते. ते समाजाने लादलेले होते. असे भय निमूट सोसायचे नसते, त्याचे कारणच नष्ट करायचे असते. बाबासाहेबांनी त्या आठवणीचे सूडात नव्हे, साक्षीत रूपांतर केले.

येथे ‘सति’ हा शब्द उपयोगी पडतो. आपण त्याचा अर्थ ‘जागरूकता’ असा करतो. पण त्याचे संस्कृत रूप ‘स्मृती’ आहे. पूर्वी केलेले, बोललेले आठवणे, हाही अर्थ सुत्तांत आहे. नीट आठवणे हे जागे राहण्याचेच एक अंग होय. पहिल्या रात्रीची उशी आठवणारा माजी विद्यार्थी आज नव्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो, तेव्हा त्याचे जुने भय मैत्रीत परिणत झालेले असते.

चिंतनासाठी :
१. माझ्या मुलाचे कोणते भय प्रेमातून आले आहे आणि कोणते इतरांनी लादले आहे?
२. पहिले ओसरेपर्यंत मी त्याच्याजवळ बसतो का? दुसऱ्याविरुद्ध उभा राहतो का?
३. माझी कोणती आठवण आज दुसऱ्याच्या उपयोगी पडेल?

ही उत्तरे घरी मुलांसमवेत बसून शोधावीत. बोलताना मुलाचा कंठ दाटून आला, तर त्यास थांबवू नये.