व्यवसायाचे 'कामकाज' : आमच्या तरुणांसाठी घराजवळची वाट

आमच्या कारागिरांच्या हातात हुनर नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. मालेगावचा विणकर, भिवंडीचा यंत्रमागवाला, धारावीत चामड्याच्या वस्तू बनवणारा, गल्लीतला शर्ट शिवणारा, सर्व आपापल्या कामात तरबेज आहेत. पण यांच्यापैकी कोणालाही विचारा की, "परवाच्या ऑर्डरचा माल कुठवर आला?" उत्तर बहुधा एकच येते, "बघून सांगतो." मग मालक कारखान्यात चक्कर मारतो, कारागिराला विचारतो, कारागीर हेल्परकडे बोट दाखवतो. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेलेले असते. या 'बघून सांगतो'मध्ये आमची किती कमाई वाहून जाते, याचा हिशेब आम्ही कधी केलाच नाही.

गंमत अशी की, त्याच मालकाचा मुलगा बारावी किंवा बी.कॉम. होऊन घरी बसलेला असतो आणि नोकरी नाही म्हणून कुढत असतो. वडिलांच्या कारखान्यात एक जागा रिकामी आहे, हे ना वडिलांच्या लक्षात येते, ना मुलाच्या. ही जागा म्हणजे कामकाज पाहणारा माणूस. मोठ्या कंपन्या यालाच 'ऑपरेशन्स' म्हणतात आणि त्यासाठी चांगला पगार देतात. कच्चा माल मागवणे, तो मोजून घेणे, कामाच्या टप्प्यांवर नजर ठेवणे, तयार माल साठवणे, वेळेवर रवाना करणे आणि पैसे वसूल होईपर्यंत कागद सांभाळणे, एवढी ही साखळी आहे. या कामाची सुरुवात कशी करावी, याचा पाठ आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

ही विद्या परकी नाही

पवित्र कुरआनातील सूरह यूसुफ आपण सर्व वाचतो. बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना हजरत यूसुफ (अ.) यांनी नुसते भाकीत केले नाही, तर योजनाही दिली. सात वर्षे नेहमीप्रमाणे पेरणी करा, खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे धान्य कणसांतच राहू द्या, म्हणजे पुढच्या सात कठीण वर्षांत ते उपयोगी पडेल, अशी ती योजना होती. पुढे देशाच्या कोठारांची जबाबदारी त्यांनी स्वतः मागितली आणि आपले दोन गुण सांगितले, राखण करण्याचा आणि जाणकारीचा. कामकाज पाहणाऱ्या माणसाला हेच दोन गुण लागतात. नुसता प्रामाणिक पण बेहिशेबी माणूस माल बुडवतो. नुसता हुशार पण बेइमान माणूस मालकाला बुडवतो.

दुसरे उदाहरण यंत्रमागाचे आहे. जपानमधील साकिची टोयोडा हे सुताराचे पुत्र. धागा तुटला तरी माग चालूच राहतो आणि वारभर कापड वाया जाते, हे त्यांनी पाहिले होते. १९२४ साली त्यांनी पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबण्याची सोय होती. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने त्या मागाच्या पेटंटचे हक्क घेतले आणि १९३७ साली त्यांच्या पुत्राच्या पुढाकाराने टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. त्या कंपनीची कामाची पद्धत घडवणारे ताइची ओनो यांनीही सुरुवात टोयोडांच्या सूतकताई-विणाईच्या कारखान्यातच केली होती. चूक दिसताच काम थांबवा आणि चूक पुढच्या टप्प्यावर जाऊ देऊ नका, हे आज जगभर शिकवले जाणारे तत्त्व मागाच्या खटखटाटातून निघाले आहे. मग मागाच्या घरात वाढलेल्या मुलाने त्याला परके का मानावे?

पहिला धडा : शिल्लक लिहा

सुरुवातीला संगणक नको, शंभर पानी वही पुरे. प्रत्येक वस्तूला एक पान द्यावे. त्यावर पाच रकाने आखावेत: तारीख, आवक, जावक, शिल्लक आणि सही. सुताची पेटी आली की आवक, कारागिराला दिली की जावक. दर शुक्रवारी सकाळी वहीतली शिल्लक आणि मांडणीवरची शिल्लक ताडून पाहावी. फरक आला तर भांडू नये. तो कोणत्या दिवशी आणि कोणत्या हातात पडला, ते शोधावे. पहिले दोन-तीन आठवडे फरक येणारच. तो कमी होत गेला की समजावे, आपल्या हाती कारखान्याची नाडी आली.

दुसरा धडा : माल कुठे अडतो ते शोधा

समजा, एका शर्टच्या कारखान्यात रोज कटिंग ३०० नगांचे होते, शिलाई २२० नगांची, काज-बटन १५० नगांचे आणि प्रेस-पॅकिंग २६० नगांचे. मालकाने १,८०० शर्टांची ऑर्डर घेतली. शिलाईचा आकडा डोक्यात धरून त्याने नऊ दिवसांचा वायदा केला. नवव्या दिवशी हातात फार तर १,३५० शर्ट आले. ४५० शर्टांचा वायदा मोडला आणि व्यापाऱ्याने पैसे अडवले. मालकाला वाटले, कारागीर कमी पडतात. म्हणून कर्ज काढून त्याने शिलाईची आणखी दोन मशीन आणली. तरीही रोज १५० शर्टच तयार होऊ लागले. फक्त काज-बटनापुढचा ढीग वाढला आणि डोक्यावर कर्ज बसले.

चूक कुठे झाली? सर्वांत अरुंद टप्प्यातून जेवढा माल जातो, तेवढाच माल कारखान्यातून बाहेर पडतो. इथे काज-बटन हा तो अरुंद टप्पा होता. रोज ७० शर्टांचे काज-बटन बाहेरून नगावर करून घेतले असते, तर रोज २२० शर्ट निघाले असते आणि ऑर्डर नऊ दिवसांत बसली असती. ना मशीन लागले असते, ना कर्ज.

हा अडथळा शोधायला पदवी लागत नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक टप्प्यापुढे किती नग पडून आहेत, ते मोजून लिहावे. आठ दिवसांत ढीग स्वतःच बोलू लागतो. जो तरुण मालकाला आकड्यांसह सांगू शकतो की मशीन घेऊ नका, अडथळा दुसरीकडे आहे, त्याने एका वाक्यात आपला वर्षाचा पगार मिळवून दिला, असे आम्ही मानतो.

तिसरा धडा : संपण्यापूर्वी मागवा

दोरा संपला, म्हणून दहा कारागीर हातावर हात ठेवून बसले, हे दृश्य कोणी पाहिले नाही? यावर साधा हिशेब आहे. रोज १२ रिळे दोरा लागतो आणि माल यायला ५ दिवस लागतात, तर ६० रिळे वाटेतल्या दिवसांसाठी हवीत. पाऊस, संप किंवा सुट्टी यांसाठी ३ दिवसांची, म्हणजे ३६ रिळे जास्तीची धरावीत. बेरीज ९६. मांडणीवर ९६ रिळे उरली की त्याच दिवशी ऑर्डर द्यावी. रमजानच्या हंगामात खप दुप्पट होत असेल तर हा आकडा १९२ होईल. तो हंगाम लागण्यापूर्वीच बदलून ठेवावा. उलट, स्वस्त मिळाले म्हणून सहा महिन्यांचा माल भरून ठेवणेही बरे नाही. तो माल म्हणजे मांडणीवर झोपलेला पैसा.

चौथा धडा : कागद मालाच्या आधी

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि कागदाची ढिलाई महाग पडू लागली. ज्याला कामकाज शिकायचे आहे, त्याने बिल, चलान आणि बिल्टी यांतला फरक पक्का करावा. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर ई-वे बिल लागते. राज्याच्या आतली मर्यादा त्या त्या राज्याने ठरवलेली असते. नेहमीच्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस, अशी या बिलाची मुदत मोजली जाते. टेम्पो वाटेत बंद पडला आणि मुदत संपली तर दंडाची वेळ येते, म्हणून गाडी पोहोचेपर्यंत ड्रायव्हरशी संपर्क ठेवणे हेही याच माणसाचे काम. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यायला हवा, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवावी.

वसुलीचाही एक नियम आमच्या कारागिरांनी जाणून घ्यावा. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. त्यामुळे मोठे व्यापारी आता पुरवठादाराकडे नोंदणीचा दाखला मागू लागले आहेत. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते, दलालाला पैसे देण्याची गरज नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र या मुदतीचा लाभ मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

नोकरी कुठून सुरू होते?

ज्यांचा घरचा धंदा नाही, त्यांनीही निराश होऊ नये. भिवंडी परिसर आज देशातील गोदामांच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, तो भिवंडी तालुक्यातील आमणे येथेच येऊन मिळतो. अशा गोदामांत आवक तपासणारे, शिल्लक मोजणारे, रवानगी पाहणारे आणि बिले करणारे लोक लागतात. पहिली जागा लहानच असते. स्टोअर असिस्टंट किंवा डिस्पॅच क्लार्क म्हणून लागलेला मुलगा पुढे सुपरवायझर आणि मग गोदामाचा किंवा कारखान्याचा व्यवस्थापक होऊ शकतो. पायरी लहान म्हणून ती टाळू नये. ज्याने स्वतः माल मोजला नाही, त्याला दुसऱ्याची मोजणी तपासता येत नाही.

या वाटेवर तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, एक्सेलमध्ये बेरीज, वर्गवारी आणि दोन याद्या ताडून पाहणे. दुसरी, टॅलीमध्ये साठ्याची नोंद. तिसरी, चार ओळींचे स्वच्छ पत्र मराठीत आणि इंग्रजीत लिहिणे. मुलाखतीला मात्र नुसता दाखला घेऊन जाऊ नये. चुलत्याच्या दुकानात किंवा शेजारच्या कारखान्यात एक महिना शिल्लक-वही ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात फरक किती होता, चौथ्या आठवड्यात किती उरला, ते एका पानावर लिहून सोबत न्यावे. ओळखीचे कोणी नसलेल्या मुलाची हे पानच शिफारस करील. आमच्या मुलींसाठीही हे क्षेत्र खुले आहे. घरोघरी चालणाऱ्या भरतकामाची आणि शिलाईची देवाणघेवाण वहीवर आणायला त्यांच्याइतके योग्य कोण?

अमानत हीच खरी पदवी

या कामात मोह फार. पुरवठादार चहासोबत पाकीटही पुढे करतो. मोजणीत दोन नग इकडेतिकडे झाले तर कोणाला कळणार, असे मन म्हणते. अशा वेळी सूरह मुतफ्फिफीन आठवावी. तिची सुरुवातच मापात कमी देणाऱ्यांना इशारा देऊन होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. मालाची तपासणी कशी करावी, याचा याहून स्पष्ट धडा कोणता? प्रेषितत्वापूर्वी ते हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामच्या बाजारपेठेत गेले होते. दुसऱ्याचा माल सांभाळून नेणे आणि पै-पैचा हिशेब परत देणे, हे काम हलके नाही, हे त्यावरून समजावे. आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश तर सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे, जी कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. विश्वासाने दिले होते, लिहिले नव्हते, असे म्हणत आमच्या किती भावांची भागीदारी आणि नातीही तुटली!

आमची विनंती एवढीच आहे. ज्या वडिलांचा मुलगा घरी बसला आहे, त्यांनी येत्या शनिवारी एक वही आणून त्याच्या हाती द्यावी आणि एक महिना तिच्यात ढवळाढवळ करू नये. महिन्याच्या शेवटी दोघांनी बसून ती वाचावी. मुलाने एखादी चूक दाखवली तर वडिलांनी रागावू नये, आणि ती अदबीने कशी दाखवावी, हे मुलाने शिकावे. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला आणि मुलाने वही उघडून "अब्बा, १,२०० नग तयार आहेत, उरलेले गुरुवारी निघतील" असे सांगितले, तर समजावे की घरात एक कारखानदार तयार होत आहे. अल्लाह आमच्या मेहनतीत आणि व्यवहारात बरकत देवो, आमीन.